७२६ च्या खालचे दोन आर

खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लायनल कंपनीच्या ७२६ नंबरच्या इंजिनाची कॅब, म्हणजे चालकाची खोली, उजेडात धरली, की खिडकीखाली पांढऱ्या आकड्यांत नंबर दिसतो. बहुतेक इंजिनांवर नुसताच ७२६ असतो. काही थोड्या इंजिनांवर मात्र त्याच आकड्यांखाली दोन अक्षरं असतात : आर आर. बाकी इंजिन तेच. तोच काळा ओतीव बॉयलर, तीच आठ मोठी चाकं. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली तर घरातल्या कुणालाही फरक सांगता येणार नाही. पण ती दोन अक्षरं कोरियातल्या युद्धामुळे आली आहेत, आणि हे कळल्यापासून मी कुठलंही जुनं मॉडेल इंजिन हातात घेतलं की आधी त्याच्या अक्षरांकडे बघतो.

त्याचं झालं असं. दुसऱ्या महायुद्धात लायनलनं खेळणी बंद करून अमेरिकी नौदलासाठी होकायंत्रं आणि तसलीच उपकरणं बनवली. १९४५ च्या अखेरीस कारखान्यात पुन्हा आगगाड्या सुरू झाल्या आणि १९४६ साली हे ७२६ आलं. खऱ्या रेल्वेत अशा चाकरचनेच्या इंजिनांना 'बर्कशायर' म्हणत. पुढे दोन, मध्ये आठ, मागे चार चाकं. लायनलची स्थापना १९०० सालची. पन्नास वर्षं पुरी झाली त्या १९५० साली कंपनीनं 'मॅग्नेट्रॅक्शन' आणलं. म्हणजे इंजिनाच्या चाकांपाशी अल्निको या मिश्रधातूचे जबर चुंबक बसवले. पोलादी रुळांना ते धरून राहत, त्यामुळे इंजिन जास्त डबे ओढी आणि भरधाव वळणावर कलंडत नसे. चुंबक बसलेल्या बर्कशायरला नवा नंबर मिळाला, ७३६. मग कोरियाचं युद्ध पेटलं. अल्निकोला निकेल लागतं, कोबाल्ट लागतं. दोन्ही धातू युद्धसामग्रीकडे वळले आणि खेळण्यांना चुंबक मिळेनात. १९५२ साली कंपनीला इंजिन तर विकायचं होतं, पण चुंबक नसलेल्या इंजिनावर ७३६ लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. मग नंबर मागे गेला, पुन्हा ७२६ झाला, आणि खाली आर आर आलं. १९५३ ला चुंबक मिळाले, ७३६ परतलं आणि पुढे बरीच वर्षं टिकलं.

त्याच वर्षी त्यांच्या टर्बाइन इंजिनाचंही तसंच झालं. चुंबकवालं ६८१ जाऊन ६७१ आर आर आलं. २०४६ या आणखी एका इंजिनाच्या जागी २०५६ आलं. कारखान्यात बसून कुणीतरी हा निर्णय घेतला असेल, शिक्के नव्याने करायला टाकले असतील, आणि आज ते शिक्के, तो कारखाना, ती कंपनी यातलं जुनं काहीच उरलेलं नाही. १९६९ नंतर गाड्या बनवायचे हक्कही दुसऱ्या कंपनीकडे गेले. उरली आहेत ती कॅबच्या खिडकीखालची अक्षरं.

हा जुना कारखाना इथे न्यू जर्सीत, अर्व्हिंग्टन आणि हिलसाइडच्या हद्दीवर होता. आम्ही राहतो तिथून ती गावं लांब नाहीत. नोकरीनिमित्त इकडे आलो तेव्हा मला लायनलचं नावही ठाऊक नव्हतं. पण इंजिनाचा नंबर वाचायची सवय मात्र कल्याणची. लहानपणी स्टेशनच्या पुलावर वडिलांचा हात धरून उभा असायचो. डिझेल इंजिन खालून गेलं की कॅबच्या बाजूचा पाच आकडी नंबर वाचायचा आणि त्याच्याजवळ लिहिलेलं शेडचं, म्हणजे त्या इंजिनाची देखभाल जिथे होते तिथलं, नाव. कल्याण. पुणे. इटारसी. ही अक्षरं शेडमधले पेंटर हातानं, ब्रशनं काढत आणि प्रत्येक शेडचं वळण निराळं असे. वडील रेल्वेतच होते. ते लांबूनच, नाव वाचता येण्याआधी, अक्षराच्या वळणावरून शेड सांगत, आणि बहुधा ते खरं निघे.

त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की नंबर म्हणजे त्या एका यंत्राचं नाव. लायनलच्या जगात तसं नाही. इथे इंजिनावर लिहिलेला नंबर हा बहुतेक वेळा कंपनीच्या कॅटलॉगातला नंबर असतो. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची सुप्रसिद्ध 'जे' इंजिनं रोअनोकच्या कारखान्यात १९४१ ते १९५० या काळात बनली. एकूण चौदा, नंबर ६०० ते ६१३. लायनलच्या जे इंजिनावर लिहिलंय ७४६. या नंबरचं जे खऱ्या रुळांवर कधीच धावलं नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची जीजी-१ ही विजेची इंजिनं ४८०० ते ४९३८. लायनलची २३३२, २३३०, २३४०, २३६०. टर्बाइनचं तर आणखी गमतीदार. खरं एस-२ टर्बाइन इंजिन पेनसिल्व्हेनियानं एकच बनवून घेतलं, १९४४ साली, नंबर ६२००. लायनलच्या ६७१ च्या कॅबवर ६७१ आहे, पण नाकावरच्या कीस्टोनच्या, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या पाचरीसारख्या दगडाच्या, आकाराच्या बिल्ल्यावर ६२०० आहे. म्हणजे बाजूनं बघाल तर कॅटलॉग, समोरून बघाल तर खरी रेल्वे.

याला एक मोठा अपवाद आहे. १९३७ साली लायनलनं ७००-ई हे न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन जातीच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल काढलं, मापात काटेकोर, एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात. त्याच्या कॅबवर कंपनीनं ७०० लिहिलं नाही. लिहिलं ५३४४. हा नंबर खऱ्या हडसनचा. ज्या इंजिनासाठी एवढे कष्ट घेतले, त्याला स्वतःचा माल म्हणून नंबर न देता खऱ्या इंजिनाचं नाव द्यावंसं त्या माणसांना वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सातशे ई मला परवडणारं नाही. संग्रहालयाच्या काचेआड पाहिलं आहे, आणि त्या चार आकड्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो आहे.

कॅटलॉगचा नंबर म्हणून तो कमी दर्जाचा, असं मात्र नाही. उलट त्याच्यावरून वर्षं लावता येतात. सांता फे रेल्वेच्या लाल-रुपेरी डिझेलचं मॉडेल घ्या. २३३३ म्हणजे १९४८-४९. २३४३ म्हणजे १९५० ते ५२, कारण आता चुंबक आले. २३५३ म्हणजे १९५३ ते ५५. आणि २३८३ म्हणजे १९५८ पासून पुढे १९६६ पर्यंत. रंग तोच, नाकावरचा लाल-पिवळा शिरपेच तोच. पण २३४३ च्या इंजिनाच्या छतावर हवेच्या झरोक्यांना खरी तारेची जाळी बसवलेली असते, आणि २३५३ मध्ये ती जाळी जाऊन साच्यातच घडवलेल्या पट्ट्या येतात. आता जाळीच्या छताखाली २३५३ दिसलं किंवा पट्ट्यांच्या छताखाली २३४३, तर समजायचं की मध्ये कुणाचा तरी हात फिरलाय. नंबर आणि सांगाडा एकमेकांची साक्ष देतात. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर तिसरी शोधावी लागते, आणि ती तिसरी साक्ष म्हणजे अक्षरं कशी उमटवली आहेत ही.

या छंदातला सगळ्यात सुंदर भाग माझ्या मते हाच.

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी दरवर्षी एप्रिलात आणि ऑक्टोबरात जुन्या खेळण्यातल्या गाड्यांचा मोठा बाजार भरतो. जत्रेच्या मैदानावरची मोठमोठी दालनं, रांगेनं टेबलं, टेबलांवर इंजिनं. तिथे एका वयस्कर संग्राहकाशी माझी ओळख झाली. त्यांनी मला एकदा न्यूयॉर्क सेंट्रलची दोन राखाडी डिझेलं समोर ठेवून विचारलं, "यात जुनं कुठलं?" दोन्हींवर नंबर एकच, २३३३. (हा नंबर सांता फेच्या आणि न्यूयॉर्क सेंट्रलच्या इंजिनांनी वाटून घेतलेला आहे, तेव्हा नुसता नंबर सांगून काम भागत नाही.) मी आकडे वाचायला लागलो तसे ते म्हणाले, "वाचू नका. अक्षराच्या कडेवरून नजर फिरवा." आणि खिशातलं भिंग काढून दिलं.

एका इंजिनावरची पांढरी अक्षरं रबरी शिक्क्यानं मारलेली होती. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचा तलाठ्याचा शिक्का आठवा : कडेला शाई दाट, मध्ये फिकी, आणि एखादी रेघ जरा पसरलेली. इंजिनाच्या अंगावर रिव्हेटचे उंचवटे असतात. रबर तिथे दबतं आणि अक्षर तेवढ्यापुरतं जाड होतं. दुसऱ्या इंजिनावरची अक्षरं उष्ण ठशाची होती. यात धातूचा ठसा तापवून, मधे रंगाची पातळ पट्टी धरून, प्लॅस्टिकवर दाबतात. रंग चिकटतो आणि प्लॅस्टिक किंचित खाली जातं. अशा अक्षराच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या नीट. इंजिन तिरपं धरून दिवा एका बाजूनं आणला, तर अक्षर पृष्ठभागाच्या आत बसलेलं दिसतं. बोटाच्या टोकालाही ते जाणवतं. न्यूयॉर्क सेंट्रलच्या २३३३ मध्ये रबरी शिक्क्याची इंजिनं सुरुवातीची, आणि ती कमी. उष्ण ठशाची नंतरची, आणि भरपूर. नंबर एक, रंग एक, वर्ष जवळपास एक, पण त्या मधल्या काळात कारखान्यात अक्षर छापायची रीत बदलली, ती अशी कायमची नोंदली गेली.

आणखी दोन रीती ओळखता यायला हव्यात. सिल्क स्क्रीनची शाई पृष्ठभागाच्या वर बसते, जरा उंच, आणि भिंगाखाली कडेला कापडाच्या विणीची बारीक दातेरी रेघ दिसते. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र; त्याला अक्षराबाहेर एक पारदर्शक पापुद्रा असतो आणि जुन्या डेकलचा तो पापुद्रा पिवळा पडतो. नाकावरचे शिरपेच, जीजी-१ चे लाल कीस्टोन, डिझेलच्या बाजूला जनरल मोटर्सचं इवलंसं चिन्ह, हे सगळं डेकलचं. त्या चिन्हाचीही कथा आहे : १९४८ साली या डिझेलच्या साच्यांचा खर्च लायनलनं एकटीनं उचलला नाही. जनरल मोटर्स, सांता फे आणि न्यूयॉर्क सेंट्रल यांनी त्यात वाटा घेतला. म्हणून बटणाएवढं ते चिन्ह आणि त्या दोनच रेल्वेंची नावं.

टेंडरकडे लोक दुर्लक्ष करतात. वाफेच्या इंजिनामागचा हा कोळशाचा डबा वेगळा सुटतो, वेगळा विकला जातो, आणि अक्षरांचा निम्मा इतिहास त्याच्यावरच असतो. वर म्हटलेल्या ७४६ चा लाल-पिवळा पट्टा टेंडरवर दोन प्रकारे येतो : आखूड आणि लांब. लांब पट्टा दुर्मीळ, त्याची किंमत बरीच जास्त. पण फरक आहे टेंडरवर, इंजिनावर नाही. तेव्हा लांब पट्ट्याचा टेंडर आणि ७४६ इंजिन एकत्र दिसले, म्हणजे ते कारखान्यातून एकत्र निघाले होते असं सिद्ध होत नाही. मूळ खोका सोबत असेल तर थोडा आधार मिळतो, पण खोकेही हिंडतात. इथे प्रामाणिक विक्रेता सरळ सांगतो की जोडी मी लावलेली आहे, आणि मी तरी अशाच माणसाकडून पुन्हा घेतो.

सगळ्यात चमत्कारिक जोडी ७७३ ची. हे न्यूयॉर्क सेंट्रलचं हडसन १९५० साली एक वर्ष निघालं, ओतीव धातूच्या टेंडरसह. पुढे १९६४ ला पुन्हा आलं तेव्हा काही काळ त्याच्यामागे प्लॅस्टिकचा टेंडर जोडलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव होतं : पेनसिल्व्हेनिया. न्यूयॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया या न्यूयॉर्क ते शिकागोच्या वाटेवरच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी रेल्वे. नंतर न्यूयॉर्क सेंट्रल लिहिलेला टेंडर आला. आज एखाद्या टेबलावर ७७३ च्या मागे पेनसिल्व्हेनिया दिसलं की नवखा माणूस म्हणतो, चुकीचा टेंडर लावलाय. चुकीचा नाही. बर्कशायरसाठी बनवलेला टेंडर कारखान्यात होता, तोच लावून दिला. इतिहासाला न शोभणारी जोडीच इथे अस्सल आहे. फक्त इंजिन १९६४ किंवा त्यानंतरचं असायला हवं, आणि ते तपासायला सिलिंडरवरच्या पेटीकडे बघायचं : १९५० च्या इंजिनाला तिथे झडपेच्या दांड्याचे मार्गदर्शक आहेत, नंतरच्याला नाहीत. १९५० च्या इंजिनामागे पेनसिल्व्हेनिया आला असेल, तर मात्र तो कुणीतरी नंतर आणून लावलेला.

आता लबाडीबद्दल. १९५७ साली लायनलनं मुलींसाठी म्हणून एक गुलाबी गाडी काढली. इंजिन २०३७, एरवी साधं, काळं, ढीगभर खपलेलं. या संचात मात्र गुलाबी, अक्षरं निळी. ती गाडी त्या वेळी फारशी खपली नाही, म्हणून आज तिला अफाट मागणी. काळं २०३७ स्वस्तात मिळतं. ते खरवडून गुलाबी रंगवायचं आणि निळा नंबर टाकायचा, एवढंच काम. अशी इंजिनं बाजारात आहेत. पकडायची कशी? तळाकडच्या कडा, स्क्रूच्या खाचा, कॅबची आतली बाजू, इथे भिंग लावायचं. जुना काळा थर कुठेतरी डोकावतो. अतिनील दिवा अंधारात धरला तर नवे रंग जुन्या रंगांपेक्षा वेगळे उजळतात. आणि नंबर. रंग जमतो, पण त्या काळच्या ठशाचे आकडे तसेच्या तसे जमवणं अवघड. तीनचा पोट-वळसा, सातची मान, आकड्यांमधलं अंतर, हे सगळं खात्रीच्या इंजिनाच्या फोटोशी ताडून बघितलं की खोटं वेगळं पडतं. वडील लांबून शेड कशी ओळखत, याचा उलगडा मला या कामात झाला.

याच्या उलट प्रकारही आहे. कारखान्यातून एका बाजूला अक्षरंच न छापता निघालेली काही इंजिनं असतात, आणि अशा चुकांना संग्राहक मोठी किंमत देतात. मग कुणी तरी चांगल्या इंजिनाचा पांढरा रंग पुसून 'चूक' तयार करतो. उष्ण ठशाच्या अक्षरांनी इथे स्वतःच बंदोबस्त करून ठेवलाय. रंग जातो, खळगा राहतो. तिरप्या उजेडात अख्खं नाव वाचता येतं. रबरी शिक्क्याची अक्षरं पुसली तर खळगा नसतो, पण तेवढ्या भागाची झळाळी बदलते. चांगलं इंजिन मोडून त्याची खोटी चूक करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. पैशाचा प्रश्न वेगळा. पण त्या इंजिनाबद्दल जे खरं होतं ते त्यांनी कायमचं पुसलेलं असतं.

या विषयात एवढी माहिती आज कुणालाही मिळते, त्यामागे १९५४ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या सभासदांचे कष्ट आहेत. स्ट्रासबर्गला त्यांचं खेळण्यातल्या गाड्यांचं संग्रहालय आहे. कारखान्याच्या नोंदी अपुऱ्या, म्हणून या मंडळींनी हजारो इंजिनं हातात घेऊन, एकमेकांना दाखवून, कुठलं अक्षर कुठल्या वर्षाचं हे ठरवत नेलं. कुठल्या विद्यापीठानं त्यांना हे काम दिलं नव्हतं.

माझ्याकडे एक २३३२ आहे, १९४७ ते ४९ मधलं हिरवं जीजी-१. पाच सोनेरी पट्टे आणि पेनसिल्व्हेनिया ही अक्षरं. पट्ट्यांचं सोनं मधोमध झिजलंय, दोन्ही बाजूंनी. या इंजिनांचं बहुतेक असंच झालंय. जड इंजिन उचलायला हात तिथेच पडतो. मला लोक सुचवतात की पट्टे नवे मारून घे, उत्तम कारागीर आहेत. आहेतच, आणि ज्याचा रंग पुरता गेलाय किंवा गंज चढलाय अशा इंजिनासाठी मीही त्यांच्याकडे जाईन. पण २३३२ ला हात लावू देणार नाही. नवं सोनं चढलं की जुन्या शिक्क्याची कड झाकली जाईल, आणि मग पुढच्या माणसाला भिंगातून दिसेल ते आजच्या कारागिराचं काम. पाण्याचा ओला फडकासुद्धा मी त्या पट्ट्यांवरून फिरवत नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढतो, तीही अक्षरांना वळसा घालून. मुलगी हे इंजिन रुळांवर चालवते तेव्हा तिला एवढंच सांगितलंय, की उचलताना खालून, चाकांच्या चौकटीला धरून उचलायचं.

सध्या शोध चालू आहे तो ७२६ आर आर च्या चांगल्या प्रतीचा. माझ्याकडच्या ७२६ आणि ७३६ च्या मधली जागा रिकामी आहे. ऑक्टोबरात यॉर्कला जाईन तेव्हा भिंग आणि छोटा दिवा बरोबर असेलच. इंजिन समोर आलं तर आधी खिळ्यासारखी एखादी पोलादी वस्तू चाकांजवळ नेऊन बघायची. ती खेचली गेली तर आत चुंबक आहे, म्हणजे खालची चाकं ७३६ ची आहेत आणि वरची अक्षरं कितीही अस्सल असली तरी ते इंजिन १९५२ सालचं पूर्ण इंजिन नव्हे. खेचली गेली नाही, तर मग भिंग काढून त्या दोन आरच्या कडा बघायच्या.